छपरावरची हाक

"कुणाला पटायचं नाही हे. आजवर कुणाला पटलेलंच नाही," असं म्हणत म्हाताऱ्या चुआननं राळ्याच्या दारूचा वाडगा खाली ठेवला. दारू पाण्यासारखी लागत होती. बायको गेल्यापासून सगळंच तसं लागायचं; मीठसुद्धा.

प्राचीन चीनमधल्या चू राज्यातल्या नदीकाठचा हा गुत्ता त्याच्या मेहुणीचा, मिआओचा. ती शेकोटीशी शेंगा सोलत होती.

चुआन सांगू लागला, "माणूस गेलं की त्याचा अंगरखा घेऊन छपरावर चढायचं, उत्तरेकडे तोंड करून तीनदा हाक मारायची, परत ये म्हणून. मीही चढलो. तोंड उघडलं आणि डोंगरावरच्या गुरुजींचं बोलणं आठवलं, उताराला लागलेल्या ओढ्याला मागे बोलावू नये. तोंड मिटलं. तिथंच बसलो."

"किती वेळ?" लोहार बाओनं विचारलं.

"पहिल्या बर्फापासून भोपळ्याला फळ धरेपर्यंत. वेल माझ्याच अंगावर चढला. केसांत पाकोळ्यांनी पिल्लं काढली. मी हललो नाही."

"आणि लघवीला, बाबा?" कोपऱ्यात पीत बसलेल्यांपैकी एकानं विचारलं.

"भोपळे काय उगाच एवढे पोसले?"

सगळे खदखदून हसले. चुआन त्यांच्याकडे नदीपलीकडून बघावं तसा बघत राहिला. मन निवलं की माणूस सुखानं जगतो, असं गुरुजी म्हणाले होते. मन तर केव्हाच निवलं होतं. सुखाचा पत्ता नव्हता. पण आपण हाक मारली नाही, एवढं खरं असलं, तर हा बधिरपणा म्हणजे शहाणपणच. आणि नसलं तर... त्यानं वाडगा पुन्हा उचलला.

"म्हणजे वहिनींना एकदाही हाक मारली नाहीस?" बाओचं हसू ओसरलं होतं.

"एकदाही नाही. जाणारीला जाऊ दिलं."

मिआओचे हात थांबले.

"भावोजी, भोपळे चालतील. पाकोळ्याही चालतील. पण हे साफ खोटं! शिडी मी धरली होती. दिवेलागणीपर्यंत ताईच्या नावानं ओरडत होतात. घसा फुटला तरी थांबेनात. आता पुरे, खाली या म्हणाले, तर शिडीच लोटून दिलीत माझ्या अंगावर. हा बघा," तिनं ओठ वर केला, "हा दात तेव्हाच गेला!"