टाक्यांच्या फायलीवरचा शिक्का

मित्रांनो, माझ्या अंगावर एकच शब्द कोरलेला आहे, आणि तोही उलटा. कागदावर टेकलो की तो सुलटा होतो: 'मंजूर'. मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी लाकडी मूठ हातांच्या घामाने काळी पडली आहे.

एका अरुंद गल्लीतल्या कारागिराने मला घडवले. तिथून मी थेट एका सरकारी कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर आलो. परदेशी जाणाऱ्या मालाची तिथे तपासणी होई. काही वस्तू दोन्ही कामांना येतात. पिकावरची कीड मारायचे औषध ज्या रसायनापासून बनते, त्यापासूनच माणसे मारायचा वायूही बनू शकतो. असा माल भलत्या हाती पडू नये म्हणून देशाने कायदा केला होता. माझा ठसा असल्याशिवाय तो बंदरातून हलत नसे.

मी तपासनीस बाईंच्या टेबलावर राहत असे. बाई चष्मा कपाळावर सरकवून कागद अगदी डोळ्यांजवळ धरत. "बाईंचा शिक्का आहे ना, मग डोळे झाकून पाठवा," असे बंदरावरचे लोक म्हणत. तेव्हा मला फार अभिमान वाटे. आता ते आठवले की लाज वाटते.

एके दिवशी मोठ्या टाक्यांची फाईल आली. आतून काचेचा लेप दिलेल्या टाक्या आणि सोबत रसायनाची पिंपे. कारण लिहिले होते, शेतीची औषधे. बाईंनी माल मागवणाऱ्या देशाचा नकाशा उघडून तिथल्या कारखान्याच्या जागेवर बोट ठेवले. साहेब टेबलाशी आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, इथे चहूकडे खडकाळ माळ आहे. शेत कुठंच नाही. पहारा मात्र लष्कराचा आहे."

"औषध बनवून दुसरीकडे विकत असतील."

"मग कुणाला तरी पाठवून बघून घेऊ या ना."

"बाई, ते आपले मित्र आहेत. सीमेवर आपल्याला त्यांची गरज आहे. वरून दोनदा विचारणा झाली. तुमच्या एका शंकेपायी मी त्यांना काय उत्तर देऊ?"

फाईल अकरा दिवस पडून राहिली. बाई रोज ती उघडत, मला हातात घेत आणि परत ठेवत. बाराव्या दिवशी दुपारी त्यांनी मला शाईच्या गादीवर दाबले आणि कागदावर टेकवले. हात इतका हलका पडला की ठसा अर्धवटच उमटला.

"पुन्हा मारा," साहेब म्हणाले.

त्यांनी पुन्हा मारला.

दोन वर्षांनी त्या देशाच्या सैन्याने स्वतःच्याच देशातल्या एका खोऱ्यातल्या गावांवर वायू सोडला. चौकशी बसली, टाक्यांचे कागद बाहेर आले. खोऱ्यातून वाचलेली एक शिक्षिका साक्षीसाठी आली. वायूने तिचा घसा जाळला होता. ती बोलू लागली की कागद फाटल्यासारखा आवाज येई. साक्ष संपल्यावर ती बाईंच्या टेबलाशी आली. तिने मला उचलून तळहातावर घेतले.

"एवढासाच असतो?"

बाई उभ्या राहिल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती."

"मग?"

"मग मी शिक्का मारला."

शिक्षिकेने मला हळूच खाली ठेवले. "माझ्या वर्गात एकतीस मुलं होती," ती म्हणाली. "मी अजून रोज सकाळी हजेरी घेते. घरीच. सवय जात नाही."

बाईंनी चौकशीत काही लपवले नाही. साहेबांना मात्र काही आठवले नाही. नोकरी बाईंची गेली. पुढे नियम झाला की शंका आली तर कुणीतरी प्रत्यक्ष पाहून येईपर्यंत फाईल हलवायची नाही, वरून कुणीही सांगो.

आता मी नव्या तपासनिसांच्या प्रशिक्षणाच्या खोलीत असतो. ते मला हातोहात फिरवतात. माझी शाई कधीच वाळली, तरी कुणी उचलले की तो कागद माझ्या अंगाखाली जाणवतो. सकाळी खोली रिकामी असते, तेव्हा त्या फाटक्या आवाजात नावे ऐकू येतात. प्रत्येक नावानंतर ती थोडी थांबते.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणाच्या तरी हाती एखादी सही येईल, एखादी किल्ली किंवा माझ्यासारखा एखादा शिक्का येईल. मन कचरत असेल, तर बघून या. विचारा. लोक चिडले तरी विचारा. मला पाय नाहीत, जाऊन पाहता येत नाही. तुम्हाला येते.