धाकट्यानं पसंत केलेली गाडी

धाकट्याला काहीही बघायला पाठवलं की तो बघून येत नाही, भाळून येतो. कपाट बघायला गेला तेव्हा आरशावर भाळला. दार लागत नाही हे कपाट घरात आल्यावर कळलं. भाड्याची खोली बघायला गेला तर खिडकीवर भाळला आणि नळाला पाणी येतं का, एवढं विचारायचं विसरला. केस पिकले, चष्मा लागला, पण खोड काही गेली नाही. आणि आता ताईनं, थोरल्या बहिणीनं, जुनी गाडी बघायला पाठवला, तर लागतील म्हणून हातात दिलेल्या पैशांतून हा टोकन देऊन मोकळा. विचारणं नाही, सांगणं नाही. वर फोन करून म्हणतो कसा, "ताई, गाडी नाही, महाल घेतलाय महाल!"

"मग महालवाल्यांना विचारून ये, झाडू कोण मारतं," म्हणून ताईनं फोन ठेवला.

गाडी काही मिरवायला नको होती. ताईच्या नवऱ्याची मूत्रपिंडं निकामी झालेली. दोन वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. एक पाळी चुकली की पाय सुजून खांबासारखे होतात, रात्रभर धाप लागते. घरात गाडी चालवता येते ती एकट्या धाकट्याला. तो वरच्या खोलीत राहतो, ना बायको ना पोर. घरची म्हातारी गाडी गेल्या महिन्यात दवाखान्याच्या वाटेवर बसली ती उठलीच नाही. त्या दिवशी नवरा फुटपाथवर ताईच्या पिशवीवर टेकून बसला होता, आणि येणारे-जाणारे थांबले की कसंनुसं हसून "बरं आहे, बरं आहे," सांगत होता. तेव्हापासून टॅक्सी. ती कधी येते, कधी येत नाही. ताईला गाडी हवी होती ती एवढ्याचसाठी, की वेळेवर दारातून निघावी आणि वेळेवर पोचावी. मग दिसायला ती खेचरासारखी असली तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं धाकट्याला पुढ्यात उभा केला. "तुझी ती काळी गाडी दुरुस्त कुठे होते, तिथे ने मला. विकणारा गोडच बोलणार. दुरुस्त करणारा काय घेतो ते ऐकू दे."

कंपनीचं सर्व्हिस सेंटर एवढं चकचकीत, की चपला बाहेर काढाव्यात की काय, म्हणून ताई दारातच अडखळली. आत गारेगार हवा, बसायला मऊ सोफे, फुकटची कॉफी. काचेपलीकडे गाड्या उचलून धरलेल्या आणि माणसं खालून वाकून बघतायत.

"दवाखानाच की," ताई म्हणाली. "पण पेशंटला इथे मान जास्त आहे."

काउंटरवर एक मुलगी होती. धाकटा कोपर टेकवून तिच्याशी हसत बोलू लागला, तसं ताईनं त्याला बाजूला सारलं. "तू कॉफी पी. हं, बोल गं बाई, या गाडीच्या सर्व्हिसिंगला किती पडतात?"

मुलीनं स्क्रीन वळवून दाखवला. ताईला वाचायला जड जातं, पण आकडे बरोबर कळतात.

"हे वर्षाचं?"

"एका वेळचं, काकू. वर्षातून दोनदा करावं लागतं. ब्रेक पॅड वगैरे लागले तर ते वेगळे."

"आणि पुढचा दिवा फुटला तर?"

मुलीनं तेही सांगितलं. धाकट्याला कॉफीचा ठसका लागला.

"एवढ्यात आमची जुनी गाडी आली होती," ताई म्हणाली. "दिव्यासकट."

"ताई, दिवा काय रोज फुटतो?"

"तू चालवणार आहेस म्हणून विचारते." ती परत मुलीकडे वळली. "बाहेरच्या मेकॅनिककडून केलं तर?"

"करून देतात, पण बरेचसे पार्ट आमच्याकडेच मिळतात. स्टॉकमध्ये नसला तर मागवायचा. पंधरा दिवस, कधी महिना."

"तोवर गाडी?"

"इथेच उभी."

"आणि माणूस?"

मुलीला कळेना.

"माझा नवरा गं. महिनाभर त्याला कशात घालून न्यायचं?"

"नवी गाडी घेतात त्यांना आम्ही तेवढ्यापुरती दुसरी देतो, काकू. जुनी घेणाऱ्यांना..." पोरगी भली होती, पुढचं तिनं गिळलं.

परतताना ताईनं धाकट्याला घराजवळच्या चष्मेवाल्याकडे नेलं. त्याची पांढरी लहान गाडी कधीची दुकानापुढे विकायला उभी होती. शेजारच्या गॅरेजवाल्याला विचारलं तर तो हात पुसत म्हणाला, "हिचं सामान समोरच्याच दुकानात मिळतं, ताई. सकाळी लावा, संध्याकाळी न्या."

"डबा आहे हा," धाकटा पुटपुटला.

"आत तर बस!"

तो बसला. गुडघे स्टिअरिंगला लागले. ताईही दुसऱ्या बाजूनं आत येऊन टेकली. पाय बोलायला लागले होते, सकाळपासूनची वणवण.

"यात मी चार तास काढू?" धाकटा समोर बघत म्हणाला.

"चार तास कुठले? अर्ध्या तासाचा तर रस्ता."

"रस्ता अर्ध्या तासाचा. भाऊजी आत चार तास नळ्या लावून पडलेले असायचे, तेव्हा मी कुठे असायचो, ताई?"

 दोन वर्षांत हा प्रश्न ताईच्या मनात कधी आलाच नव्हता.

"पार्किंगमध्ये. गाडीत. उन्हाळा असो, थंडी असो. आपल्या जुन्या गाडीची सीट नीट मागे पडायची नाही, अंग आखडायचं. पाठ गेली माझी. त्या काळ्या गाडीत टेकलो ना, तर उठवेचना. म्हणून दिलं टोकन."

"मग घरी यायला तुला काय कुणी बांधून ठेवलंय?"

"तूच म्हणालीस. दोन-दोन फेऱ्या मारायला पेट्रोल काय नळाला येतं का, म्हणून."

म्हणाली होती. असलं बोलणं दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं.

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. मान पुढे आलेली, मनगटाची हाडं वर आलेली. तिनं हात धरून चालवलेला पोर केव्हा एवढा थकला कुणास ठाऊक. घे बाबा ती काळी, असं अगदी ओठांवर आलं. पण डोळ्यांपुढे फुटपाथ आला, ती पिशवी आली, नवऱ्याचं ते कसंनुसं हसणं आलं. ओठांवरचं तिनं परत आत ढकललं.

"ऐक," ती म्हणाली. "काळी घ्यायची नाही. टोकन बुडालं तर बुडालं, मी काही तुझे डोळे पुसत बसणार नाही. घ्यायची ती ही. आणि हिच्यात बसून राहायचं नाही. यांना सोडलं की सरळ घरी यायचं, जेवायचं, पलंगावर आडवं व्हायचं. पेट्रोलचं मी बघते. आणि दोन वर्षं पाठ दुखते, ते सांगायला तुला एवढी महागाची गाडी लागली? मूर्ख आहेस तू. लहानपणापासून आहेस."