वैद्यबुवांचा आकडा

“तीनशे नव्वद,” असं पुटपुटत वैद्यबुवांनी पेन्सिल वहीवर टेकवली. निकाल लागून जेमतेम सात मिनिटं झाली होती. परीक्षा मंडळाच्या डेटाबेसला एका वेळी चारशेच जोडण्या झेपत. त्यापुढच्यांना ताटकळावं लागे. गेल्या वर्षी साइट याच सुमारास आडवी झाली होती. यंदाही तसंच झालं तर हे काम बाहेरच्या कंपनीला जाणार, हे साहेबांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं.

समोर पडद्यावर आलेख असतानाही हा गृहस्थ दर दोन मिनिटांनी आकडा वहीत उतरवायचा. डेटाबेसची नाडी बघतो म्हणून ऑफिसने नावच वैद्यबुवा ठेवलं. आज मात्र त्यांचीच छाती धडधडत होती. बायकोने बावन्नाव्या वर्षी शाळेची शेवटची परीक्षा दिली होती.

“ऑफिसात बसून आधी बघायचं नाही हं,” तिने सकाळीच बजावलं होतं. “मी सगळ्यांसारखं घरूनच बघणार.”

तीनशे अठ्ठ्याण्णव. वैद्यबुवांनी जोडण्यांची यादी उघडली आणि कपाळाला हात लावला.

“साहेब, यातल्या सव्वाशे आपल्याच आहेत.”

“आपल्या? आपण कशाला निकाल बघतोय?”

“निकाल नाही, गर्दी बघतोय.”

‘आत्ता किती जण आले’ हे दाखवणारं पान साहेबांनीच हौसेने करून घेतलं होतं. ते प्रत्येक टेबलावर उघडं होतं, शिवाय खिशातल्या मोबाइलवरही, आणि प्रत्येक पान एक जोडणी अडवून बसलं होतं. साहेब ओशाळले. आधी आपलं पान मिटवून ते मजलाभर फिरले.

“बंद करा ते. पोरांना आत येऊ द्या.”

हसत, एकमेकांना चिडवत सगळ्यांनी पानं मिटली. पण मोकळी झालेली जागा बाहेरचे लगेच भरत होते. आकडा पुन्हा तीनशे नव्याण्णव. वैद्यबुवांनी स्वतःच्या पडद्याकडे हात नेला.

“तुमचं असू द्या हो,” साहेब म्हणाले.

“मीही बघ्याच की, साहेब.”

त्यांनी आपली जोडणी तोडून पडदा बंद केला. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यापुढे बघायला काही नव्हतं. हात कुठे ठेवावेत तेही कळेना. तेवढ्यात फोन वाजला.

“अहो, मघापासून नुसतं चाक फिरत होतं. आत्ता उघडलं.”

“मग?”

“पास झाले. गणितात एकोणसत्तर.”

“माझ्यापेक्षा जास्त,” वैद्यबुवा आनंदाने म्हणाले, तर पलीकडून ती खळखळून हसली.

फोन ठेवून त्यांनी वही पुढे ओढली. वेळ लिहिली : एक वाजून चौदा मिनिटं. पडदा काळाच होता. शेजारच्या रकान्यात त्यांनी ठसठशीत अक्षरात आकडा लिहिला : एक.