दोघांनी मिळून

"तू ओढू नकोस!"

"मी ओढत नाहीये, तूच ढकलतेयस!"

जिन्याच्या वळणावर काच अडली. वरच्या बाजूला थोरली, खालच्या बाजूला धाकटा, आणि मधल्या काचेतून एकमेकांवर वटारलेले चार डोळे. मागून हत्यारांची पिशवी घेऊन येणारे बाप "अरे थांबा" म्हणेपर्यंत थोरली हट्टाने एक पायरी चढली. धाकट्याने त्याहून हट्टाने हात सोडला. आवाज सगळ्या इमारतीने ऐकला.

कुणाला लागलं नाही हे नशीब.

बापाचा धंदा खिडक्यांना काचा बसवायचा. सगळी गल्ली त्यांना काचवाले म्हणायची. बायको गेली तेव्हा धाकटा जेमतेम चालायला लागला होता. पुढे उजव्या हाताची नस काचेनेच कापली आणि दोन बोटं मिटेनाशी झाली. मोठी काच एकट्याला पेलवेना, मदतीला ठेवलेली माणसं टिकेनात. मग शाळा सुटली की पोरंच हाताखाली येऊ लागली. पण या दोघांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. एक पूर्व म्हणाला की दुसरा पश्चिम म्हणणारच.

त्या दिवशी काचवाल्यांनी कुणावरही हात उगारला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात एक लांब फळी आणली, तिच्यावर काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलं आणि म्हणाले, "उचला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पाणी सांडलं तर दोघांनी पुसायचं."

"सांडलं यानं तरी?"

"तरी दोघांनीच. कुणी सांडलं ते मी विचारणार नाही. आधी बोलायचं, मग हलायचं. आणि समोरच्यानं 'हं' म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही."

अंगण कितीतरी दिवस ओलंच राहिलं. दोघं रडली, रुसली, फडकं एकमेकांच्या अंगावर फेकून झालं. आणि मग एका संध्याकाळी दुकानात काच कापताना काचवाल्यांना बाहेरून आवाज आला.

"उंबरा."

"हं."

"वळतेय."

"हं."

त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि नुसतं ऐकत बसले.

भांडणं संपली असं मात्र नाही. काच हातात असेपर्यंत दोघं एक, काच खाली टेकली की पुन्हा पहिले पाढे. थोरलीचं लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे गेली, तरी दुकानात यायची. नंतर धाकट्याने तिला न विचारता तयार खिडक्यांचा धंदा सुरू केला. "मी काय इथे शोभेला बसले होते का?" एवढंच म्हणून ती दुकानातून उठली, ती परत आली नाही. त्यानंतर कित्येक वर्षं दोघांमधलं बोलणं बापामार्फत चालायचं. "तिला सांगा." "त्याला सांगा." काचवाले म्हणायचे, "मेल्यांनो, मी बाप आहे का पोस्टमन?"

मग त्यांची भूक गेली. कपडे अंगावर लोंबायला लागले, पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात तपासण्या झाल्या. पलंगावर पडल्या पडल्या त्यांना दारातून बाहेरचा व्हरांडा दिसत होता. डॉक्टर काहीतरी सांगत होते आणि दोन्ही पोरं एकमेकांपासून हातभर लांब उभी होती. डॉक्टर निघून गेले. धाकट्याने भिंतीला हात टेकला. थोरली त्याच्याकडे बघून काहीतरी बोलली. बऱ्याच वेळाने दोघं बरोबरच आत आली.

"काही नाही बाबा," थोरली म्हणाली, "आतड्याला सूज आहे."

"जुनी सूज," धाकटा म्हणाला.

"म्हणून अन्न जात नाही."

"गोळ्यांनी उतरेल. वेळ लागेल फक्त."

"हो, वेळ लागेल," म्हणत थोरलीने पाण्याची बाटली उगाचच इकडची तिकडे ठेवली.

काचवाले दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. चहात साखर किती यावर ज्यांचं कधी जमलं नाही, त्यांच्यातल्या एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा ते उचलत होता. कुठे धक्का नाही, कुठे अडखळणं नाही. साध्या सुजेवर या दोघांचं एवढं एकमत होणं शक्य नव्हतं. डॉक्टरांना काही विचारायची गरजच उरली नाही.

'कळलंय मला', हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ते उच्चारले की काय होईल, तेही त्यांना दिसत होतं. 'तू आधी दाखवायला हवं होतंस', 'तू कुठे होतीस इतकी वर्षं', आणि मग दोघं दोन कोपऱ्यांत, आपापलं रडत.

"सूज होय?" ते म्हणाले. "वाटलंच मला."

घरी आल्यावर थोरली रोज सकाळी येऊ लागली. स्वयंपाकघरातून आवाज यायचे. "ताई, तू पड जरा, मी आहे." "तू जेवलास का आधी? मला शिकवतोयस!" डोळे मिटून काचवाले ते ऐकायचे. जन्मभर हेच तर ऐकायचं होतं. कधी कधी त्यांना वाटायचं, यांना इतकं चांगलं शिकवायलाच नको होतं. आता यांच्या दोघांत आपल्याला उभं राहायला जागाच नाही.

एकदा दुपारी त्यांनी पेजेची वाटी तशीच परत केली. धाकटा कावराबावरा झाला आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेला, "बाबा, बरे झालात की समुद्रावर जाऊ या. तुम्ही बघितला नाहीये ना?"

दाराशी आलेली थोरली क्षणभर थबकली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग हात पुसत ती म्हणाली, "मी तर याला कधीची म्हणतेय."

थाप नवीन होती, डळमळत होती. काचवाल्यांनीच तिला टेकू दिला. "खिडकीजवळची जागा मिळेल ना रे? आणि वारा फार असतो म्हणे तिकडे. मफलर लागेल."

"पहाटेच निघू," धाकटा म्हणाला.

"पहाटे? बाबांना गारठा सोसेल का? ऊन पडल्यावर निघायचं."

"म्हणजे पोचायला संध्याकाळ!"

"मग होऊ दे की! समुद्र काय पळून जातोय?"

खरंच जुंपली. काचवाले पोट धरून हसले, आणि दुखायला लागलं तरी दुखतंय म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोघं बरोबर बाजारात जाऊन आली. थोरलीने खोक्यातून चपला काढल्या. तपकिरी चामड्याच्या, रुंद पट्ट्यांच्या. "वाळूत तुमच्या त्या झिजलेल्या चालायच्या नाहीत. घालून बघा."

पाय सुजून टम्म झाले होते. त्यांना पलंगाच्या कडेला बसवून धाकटा खाली बसला, थोरलीने टाच धरली. पाऊल कसंबसं आत गेलं. पट्टा रुतला.

"घट्ट होतायत का हो, बाबा?"

"छे! बेताच्या आहेत अगदी. चामडं आहे, चालून चालून सैल होईल."

थोरली उठली, "मी चहा टाकते." धाकटाही उठला, "दूध आहे का बघतो." दोघं आत गेली.

आत नळ सुरू झाला. त्याच्याखाली काही भरलं जात असल्याचा आवाज येईना, नुसती धार मोरीत पडत होती. काचवाले पलंगाच्या कडेला बसले होते. पट्टे चांगलेच रुतत होते. वाकून चपला काढणं त्यांना आता जमत नव्हतं, कुणाला तरी हाक मारावी लागली असती.

नळ बंद होईपर्यंत ते तसेच बसून राहिले.