पूजलेला बेस

कानडी मुलखातल्या कोरमंगल्याच्या एका मैदानात दुसरा बेस म्हणून पडलेला मी बोलतोय. बेसबॉलमधली चौकोनी गादी. पळणारीचा हात माझ्यावर टेकला की ती वाचली. त्याआधी चेंडू तिच्या अंगाला लावला की गेली.

मला सोयराबाईंनी शिवलं, मांडवाच्या उरलेल्या कनातीतून. त्यांचे यजमान प्राणेशअण्णा इथले कोच. दर दसऱ्याच्या आयुधपूजेला अण्णा बॅटींबरोबर मलाही कुंकू लावतात, कोहळा फोडतात. पूजा न झालेली वस्तू ते मैदानात आणू देत नाहीत. हे लाड मला आवडायचे, खोटं कशाला बोलू!

मग अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलचे नवे नियम इथवर आले. पळणारीला रोखायला पिचरनं, म्हणजे चेंडू फेकणारीनं, दोनदाच बेसकडे चेंडू टाकायचा; तिसऱ्यांदा टाकूनही ती बाद झाली नाही, तर तिला पुढचा बेस फुकट. त्यामुळे बेस चोरणं, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे धूम ठोकणं, सोपं झालं. पण तिकडच्या शहाण्यांनी बेसही मोठे केले, पायात पाय येऊ नयेत म्हणून.

अण्णांनी पहिला नियम लगेच उचलला. मोठे बेस मागवलेही. ते अजून खोलीत गुंडाळलेलेच आहेत.

त्यांची लेक संयोगिता आता भन्नाट सुटते. हात पुढे टाकून माझ्यावर झेप घेते. नेमकी तेव्हाच मला राखणारी रूपश्री चेंडू झेलायला माझ्यावर पाय ठेवते. गेल्या रविवारी तिच्या बुटाचे खिळे संयोगिताच्या बोटांना चाटून गेले.

"अण्णा, पाय ठेवायला जागाच नाही हो. मोठे बेस लावा ना," रूपश्री म्हणाली.

"सरी, सरी," अण्णांनी कानडीत होकार दिला. "दसऱ्याला पूजा करून लावू. तोवर स्वल्प सांभाळून खेळा."

आज राज्याचा संघ निवडणारे बघायला आलेत. संयोगिता पहिल्या बेसवर आहे. पिचरनं दोनदा चेंडू टाकून पाहिला, दोन्ही वेळा ती परतली. तिसऱ्यांदा टाकायची पिचरची छाती नाही, हे संयोगिताला पक्कं ठाऊक आहे. ती एकेक पाऊल माझ्याकडे सरकतेय. तिकडून रूपश्रीही सरकतेय. नको गं पोरी!

ती सुटली. मागून चेंडूही आला. हात आणि पाय, दोन्ही एकदमच माझ्यावर पडले.

"सेफ!" पंच ओरडला.

संयोगिता उठत नाही. बोटं पोटाशी धरून पडलीय.

अण्णा धावत येतायत. आता तरी मला उचला हो, अण्णा. माझ्यावर लाल डाग पडलाय, आणि दसरा अजून लांब आहे.