तिघांत एक शाल

माणूस शाल कशी घेतो, यावरून सुहासिनीमावशी त्याचं पुढचं सांगायच्या. कॅनडातल्या सरे गावच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रम-सचिव म्हणून बावीस वर्षांत त्यांनी दीडशे सत्कार उरकले होते. नको नको म्हणत मान आधीच पुढे करणारे, घरी जाऊन पोत तपासणारे, सगळे त्यांच्या मनात नोंदलेले. राहिला होता तो फक्त भाचा.

हा भाचा राजन, इंग्लंडातल्या लेस्टरचा. तिघांच्या ग्रुपमध्ये तो की-बोर्ड वाजवायचा, डोना गायची, निक ठेका बांधायचा. त्यांचं हाउस म्युझिक म्हणजे एकच ठेका तासभर आणि पोरं घामाघूम, एवढं मावशींना कळलं होतं. २००३ साली निकच्या गॅरेजमध्ये सुरू झालेला हा ग्रुप तीन वर्षांत इंग्लंडभरच्या क्लबांतून वाजू लागला. त्यांचा नियम एकच, म्होरक्या कोणी नाही. पोस्टरवर तिघांची नावं सारख्या अक्षरांत, फोटोत तिघं एका रांगेत.

२००८च्या सप्टेंबरात ते सरेशेजारच्या व्हँकूव्हरला आले, तशी मावशींनी त्यांना मंडळाच्या गणपतीत अर्धा तास देऊन टाकला. "नाचवतील, माझा शब्द," अशी चारशे जणांना ईमेल.

गणपतीच्या दिवशी शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या हॉलमध्ये, मंडळाचे अध्यक्ष शरदचंद्र परांजप्यांनी प्रथेप्रमाणे शाल-श्रीफळ दिलं, पण एकालाच. "आपला राजन!" डोना आणि निकच्या हातात एकेक गुलाब.

राजननं शाल खांद्यांवर नीट बसवली आणि फोटोसाठी एक पाऊल पुढे आला.

'आटोपलं यांचं,' मावशी मनात म्हणाल्या.

शेजारच्या वर्गात डोना बॅग भरत होती. "पाच वर्षं हा असाच पुढे सरकतोय. मी गात नाही."

"अगं, त्यांची पद्धत असेल," निक पुटपुटला.

"शाल पद्धतीची. पाऊल कुणाचं?"

मावशी दारातच उभ्या होत्या. पोरगी हुशार आहे, त्यांनी नोंदवलं. "डोना, चूक आमची. तीन शाली आणायला हव्या होत्या. ग्रुप खुशाल मोडा, पण वाजवून मोडा. बाहेरची माणसं मसालेभात जिरवायला थांबलीत, त्यांनी तुझं काय वाकडं केलंय?"

डोना हसली. "आंटी, तू आमची मॅनेजर का नाही झालीस?"

"विचारलं कुणी?"

डोना अशी गायली की गुडघे बदललेले डॉक्टरसुद्धा खुर्चीत बसेनात. राजनची शाल घसरली. ती सावरताना त्याचे दोन सूर हुकले आणि निकनं ते ठेक्यात झाकून घेतले. मावशींचा शब्द खरा ठरला.

पुढच्या आठवड्यात लेस्टरहून फोन आला. "मावशी, तुमच्या शालीनं ग्रुप मोडला."

"शालीवर ढकलू नकोस. काढून डोनाच्या खांद्यावर टाकायला कितीसा वेळ लागला असता?"



"परत पाठवू का ती?"

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "डोनाचा पत्ता तेवढा दे. तिची राहिलीय."