चौथा ओटिस

"काय पाहून राहिले हो एवढं? घामाघूम झालात!" शोभनानं विचारलं.

मिसेस नोवाकच्या गराजमध्ये उल्हास खापरे बुटाच्या एका खोक्यावर वाकला होता, आणि खोक्यातून ओटिस ग्रीनली त्याच्याकडे बघत होता.

अमेरिकेतल्या या शॉमबर्गातली सगळी माणसं गराज सेलला, शेजाऱ्यांची जुनी अडगळ धुंडाळायला, काहीतरी सापडावं म्हणून जातात. उल्हास एकटाच, काही सापडू नये म्हणून जाणारा.

हा ओटिस शंभर वर्षांपूर्वीचा बेसबॉलवाला. इतका सुमार, की चेंडूच त्याला पाहून लाजून बाजूला व्हायचा म्हणे. साबणाच्या वडीवर त्याच्या चित्राचं कार्ड फुकट मिळणार होतं. पण छापखाना पहिल्याच दिवशी जळाला आणि जगात कार्डं उरली तीन. हजारो छापली असती तर कुत्र्यानं विचारलं नसतं. तीनच, म्हणून लोक पैशांच्या थैल्या घेऊन मागे धावायचे. उल्हासनं म्हातारपणाची सगळी पुंजी ओतून त्यातलं एक घेतलं, आणि त्याच दिवशी भीती त्याच्या घरी बिऱ्हाडाला आली.

ऊन लागेल, ओल लागेल, म्हणून कार्ड शोभनाच्या चकल्यांच्या हवाबंद डब्यात. तिनं फोडणी टाकली की हा धावत जाऊन खोलीचं दार लावणार. पण खरी भीती चौथ्याची. कुणाच्या तरी माळ्यावर चौथा ओटिस दबा धरून बसलाय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. स्वप्नात ते ओटिस माळ्यांवरून ओळीनं उतरायचे, मुंग्यांसारखे.

यंदा नोकरी गेली. घराचे हप्ते थकले. कार्ड विकत घ्यायला सोमवारी माणूस येणार होता. आणि शनिवारी, चार घरं सोडून, हा!

"फाइव्ह डॉलर्स, हनी," मिसेस नोवाक खुर्चीतून म्हणाली. ऐंशी कधीच ओलांडलेली. उद्या मुलगा तिला वृद्धाश्रमात नेणार होता.

उल्हासचा हात खिशात गेला. पाच डॉलर द्यायचे, घरी जाऊन फाडायचं. पुन्हा तीन.

शोभनानं कार्ड पाहिलं. "अहो... हे तेच का?"

"हळू बोल! चार झाली तर तो माणूस निम्मे पैसेही देणार नाही."

"पण तिला सांगाल ना?"

"घर ठेवायचंय ना तुला?"

उल्हासनं नोट बाहेर काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि तिची पुन्हा घडी घातली.

"आजोबांनी बॉबीला दिलेलं खोकं हे," म्हातारी म्हणाली. "माझा भाऊ. कोरियाच्या लढाईला जाताना म्हणाला, जपून ठेव, आल्यावर मागेन. आला नाही. तिकडे मला एकच कपाट देणारेत. तू घे. तू घाबरट आहेस, उल्हास. घाबरट माणसं वस्तू जपतात."

उल्हासनं नोट परत खिशात कोंबली.

"मिसेस नोवाक, विकू नका हे. मुलाला फोन करा. आत्ता."

मग त्यानं तिला ओटिसची किंमत सांगितली. म्हातारी आधी हसली. मग हसू विरलं. तिनं खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि गराजमधल्या एकेका गिऱ्हाइकाकडे, रस्त्यावरच्या गाड्यांकडे, वर आलेल्या उन्हाकडे पाहू लागली. ती नजर उल्हासच्या चांगल्या ओळखीची होती. रोज दाढी करताना आरशात दिसायची.

तो घरी गेला आणि चकल्यांचा डबा घेऊन आला. रिकामा.

"यात ठेवा. ओल शिरत नाही."

संध्याकाळी त्यानं सोमवारच्या गिऱ्हाइकाला फोन करून चौथ्याचं सांगितलं. सोमवारचं येणं रद्द झालं आणि फोन लगेच संपला.

त्याचा ओटिस ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकून उभा होता. उल्हासनं आज प्रथमच नीट पाहिलं: कान केवढे मोठे आहेत लेकाचे!

"फोडणी टाकतेय हं," शोभना म्हणाली आणि थांबली.

"टाक."

मोहरी तडतडली. दार लावायला कुणी उठलं नाही.